एका दावणीच्या दोन पोरी

मानीबाईच्या बकऱ्या जुळी देत, यात तिची काही करामत नव्हती. बकरी जुळंच देते, कधीकधी तिळंही. करामत होती ती त्याच्या पुढची. पुसाच्या, म्हणजे पौषाच्या, गारठ्यात तांड्यातल्या बाकीच्यांची पिल्लं पटापट मरत आणि मानीबाईची जगत. लोक म्हणत, बुढीला मंतर येतो. बुढी म्हणे, "मंतर कायचा रे, मले डालं येते."

डालं म्हणजे कोंबड्या झाकायची बांबूची मोठी टोपली. गारठा पडला की पिल्लं उबेसाठी एकमेकांच्या अंगावर चढून निजतात. थोरलं वर, बारकं खाली. सकाळी वरचं उड्या मारत उठतं आणि खालचं ताठ पडलेलं सापडतं. अंगावर ना दात, ना ओरखडा. तांड्यातले लोक अशा पिल्लाला बाहेरची बाधा लावून मोकळे होत. मानीबाईनं लहानपणीच बापाजवळ पाहून ठेवलं होतं, की ते दम कोंडून मरतं. म्हणून तिच्या वाडग्यात, म्हणजे घरामागच्या आवारात, दर पिल्लाला आपापलं डालं. एका डाल्यात दोन पिल्लं ठेवलेली दिसली की ती सुनेला, हंसाबाईला, अशा शिव्या घाली की नाल्याच्या अलीकडं ऐकू येत.

नाल्याच्या अलीकडं आमचं गाव, कुणब्यांचं. दिग्रसहून चार कोस. पलीकडं टेकाडावर लमाणांचा तांडा. मानीबाईच्या आज्यानं बैलांच्या पाठीवर मीठ वाह्यलं, बापानंही थोडंफार वाह्यलं, आणि तिच्या नवऱ्यानं, भीमसिंगानं, पऱ्हाटी, म्हणजे कपाशी, पेरली. भीमसिंग गेल्यावर तिनं हातातला चुडा उतरवला आणि वावर पोराच्या हवाली केलं. स्वतःपाशी अकरा बकऱ्या ठेवल्या. वय विचारलं तर सांगे, "मानमोडीच्या साली माझं लगन झालं, आता तुमीच मोजा." मानमोडीची साथ अठरा सालची, मोजलं तर पन्नाशी ओलांडलेली निघे.

तांड्यात बकऱ्या चारायची बारी असे. आज एका घरानं साऱ्यांच्या बकऱ्या रानात न्यायच्या, उद्या दुसऱ्या घरानं. ज्याची बारी त्यानं आपलं काम सोडायचं, बाकीच्यांनी त्या दिवशी बिनघोर राहायचं. बारी चुकवणाऱ्याशी तांडा बोलत नसे. एवढाच दंड, पण पुरे होई.

अठ्ठावन्न सालच्या कार्तिकात आमच्या गावात रामरावाच्या बायकोला, कोकिळेला, जुळं झालं. दोन्ही पोरी. पहिली अंगानं बरी होती. दुसरी घटकाभरानं आली ती वीतभर, कातडं ढिलं, जणू पहिलीचा उतरलेला अंगरखा घालून आली. बारशाला नावं ठेवली, पण ती कोणी घेत नसे. मोठी आणि बारकी, एवढंच.

कोकिळेचं दूध दोघींना पुरेना. रामराव नाला ओलांडून तांड्यावर गेला.

"मानीबाई, दुभती हाय का एखादी?"

"हाय ना, काबरी हाय. पण मी लोट्यात दूध देत नाही. बकरी घेऊन येतो अन् तुमच्या दारात पिळतो. लोट्यातलं दूध गावभर हिंडते, मंग त्यात पाणी कोठून येते ते कोणाले समजत नाही."

"तुह्यावर इस्वास हाय वो आमचा."

"माह्यावर हाय. सुनेवर माहाच नाही."

दुधाच्या बदल्यात बकऱ्यांना तुरीचं कुटार, असं ठरलं. रोज दिवस कासराभर वर आला की मानीबाई काबरीच्या गळ्याला दोरी लावून रामरावाच्या दारात हजर. धार काढायची, दूध उकळायला द्यायचं, आणि जाता जाता पोरींकडं नजर टाकायची.

त्या घरात चाले ते धुरपताबाईचं. रामरावाची आई. साठीची, गुडघे गेलेले, आवाज शाबूत. तिचा एक कायदा होता आणि तो तिनं पाचवीच्या दिवशीच साऱ्या घराला ऐकवला होता. "जुयं म्हणजे एक जीव दोन कुडीत. एकीले उचललं त दुसरीचा जीव ओढते. उचलाच्या त दोघी संगं उचला, संगं पाजा, संगं निजवा, एका गोधडीखाली." हे ती हवेतलं बोलत नव्हती. तिच्या माहेरी, घाटंजीकडं, चुलतीला जुळं झालं होतं. त्यातलं एक मामानं नेलं आणि आठ दिवसांत घरचं गेलं. धुरपताबाई तेव्हा सात-आठ वर्षांची होती. तिनं ते मेलेलं लेकरू पाहिलं होतं आणि त्याचा अर्थ तिच्या मनात कायमचा बसला होता.

या कायद्यानं झालं असं, की त्या पोरींना हात लावायला माणूस मिळेना. शेजारची कौसल्या मायाळू बाई. पण एकीला उचललं तर पाप, आणि दोघींना एकदम उचलायची छाती नाही. ती दारात उभी राहून चुकचुक करी आणि परत जाई. धुरपताबाईच्या गुडघ्यांना दोघी पेलत नसत. म्हणजे राहिली एकटी कोकिळा. दोन्ही मांड्यांवर दोघी, दोन्ही छातीला दोघी, वर गोठ्यातलं शेण आणि चुलीवरच्या भाकरी. एक दिवस तिनं भाकर तव्यावर टाकली आणि चुलीपुढं बसल्या बसल्या झोपली. भाकरीचा कोळसा झाला, पदराचं टोक करपलं, तेव्हा धुरपताबाईला वास आला.

"काय व कोकिळे, चुलीत निजतं का?"

"नाही आत्याबाई. डोये मिटले फकस्त."

पूस लागला. वेचणी सरत आली होती आणि रामरावाचा कापूस घरात आला होता. माजघराच्या शेजारची खोली कंबरेएवढी भरली होती. खालचा कापूस पायांनी तुडवून दाबलेला, वरचा भुसभुशीत. कापूस भरलेल्या खोलीत कसा उबारा असतो ते ज्यानं पिकवला त्याला सांगायला नको. बाहेर दात वाजत असले तरी तिथं घाम येतो. धुरपताबाईनं त्या कापसात कोपरभर खळगा केला, कोकिळेकरवी दोघी पोरी त्यात ठेवल्या आणि वरून एक गोधडी टाकली. पोरी गुपचूप निजल्या. इतक्या गुपचूप की धुरपताबाईनं शेजारणींना बोलावून दाखवल्या.

आमच्याकडच्या माणसाला कापूस वाईट करील, हे डोक्यातच येत नाही. आंगात कापूस, अंथरुणात कापूस, देवापुढच्या दिव्यात कापूस. आणि मेल्यावर नाकातही कापूसच, पण ते कोणाला आठवलं नाही.

मानीबाईनं पहिल्याच दिवशी पाहिलं आणि ती थबकली.

"बाई, बारकी बुडून राह्यली. मोठीचं वजन पडते, मंग हलकी घसरते. तांड्यातली पिल्लं अशीच जातात."

धुरपताबाईनं कौसल्येकडं पाहून तोंड वाकडं केलं. "ऐकलं का व? आमच्या पोरी बकऱ्या झाल्या आता."

"बकऱ्या नाही म्हणत मी. नाक म्हणतो. नाक साऱ्यायले सारखंच असते."

"तुह्या बकरीचं नाक तुह्या घरी. तू धार काढ."

मानीबाईनं धार काढली.

तिसऱ्या दिवशी ती आली तेव्हा दारात कोणी नव्हतं. रामराव वावरात. कोकिळा विहिरीवर. धुरपताबाई मागच्या वाडग्यात उन्हात बसून तुरी झोडपत होती. मानीबाईनं दूध काढलं, दोन हाका मारल्या, उत्तर नाही. तिनं काबरीला खांबाला बांधलं आणि ती कापसाच्या खोलीत शिरली.

गोधडी सपाट पडली होती. खाली दोन लेकरं असतील असं वाटतच नव्हतं. तिनं ती ओढली. मोठी खळग्याच्या मधोमध, लाल गाल करून झोपलेली. बारकी तिच्या पाठीमागं, खाली, तोंड कापसात. फक्त कान आणि मान दिसत होती.

मानीबाईनं तिला उपसून काढलं. ओठ निळे-काळे झालेले, नाकपुडीत कापसाचा पुंजका. तिनं बोट घालून नाकातोंडातला कापूस काढला. पोरीला पालथी करून हातावर घेतली आणि घागऱ्याच्या खरबरीत काठानं पाठ घासायला लागली. मग तोंडावर फुंकर, मग पुन्हा पाठ. जन्मलेलं पिल्लू दम घेत नसलं की ती हेच करी, दुसरं काही तिला येत नव्हतं. एवढ्या वेळात माणसाचे दोन घास खाऊन होतील. मग बारकीनं उचकी दिली, एक खोल दम घेतला आणि मांजरासारखी ओरडली. गोधडी गेल्यामुळं मोठीला गार लागलं होतं, तीही ओरडायला लागली.

तेवढ्यात धुरपताबाई दारात आली. तिला दिसलं ते असं: लमाणीण एका पोरीला एकटीला उचलून उभी आहे, ती पोरगी निळी पडली आहे, आणि दुसरी खळग्यात तडफडून रडते आहे.

"तोडलं!" ती किंचाळली. "जुयं तोडलं रे देवा!"

"बाई, बारकीचा दम..."

"दम तूच तोडला! एकटीले उचललं तू! पाह्य कशी निळी पडली! ठेव आधी, ठेव खाली!"

मानीबाईनं बारकीला मोठीच्या शेजारी ठेवलं, पण चेहरा वर करून, आणि गोधडी छातीपर्यंतच ओढली. धुरपताबाई नुसती रागावली नव्हती, घाबरली होती. सात वर्षांची असताना पाहिलेलं ते लेकरू तिच्या डोळ्यांपुढं आलं असणार.

"उद्यापासून उंबऱ्याच्या आत पाय ठेवू नको. दूध बाह्यर काढ अन् बाह्यरून जा."

संध्याकाळी मानीबाईनं ही हकिकत हंसाबाईला सांगितली. हंसाबाई भाकरी थापत होती; सासूला ती याडी म्हणे, म्हणजे आई.

"याडी, सोडून दे. पराया घराची गोष्ट हाय."

"पोरगी मरन व. पुन्हा कापसातच टाकली असन."

"मंग मरन त मरन. अन् मेली त कोणावर येईन? 'लमाणिनीनं उचललं म्हणून मेली' म्हणतीन. पूर्ण तांड्याच्या नावानं बोंब होईन. तू दूधही देऊ नको आता."

"दूध नाही देल्लं त उपाशी मरन."

"तुले जिकून-तिकून मारायचीच हाय ती."

मानीबाई हसली नाही. हंसाबाई म्हणते त्यात खोटं काहीच नव्हतं. पण बारकी त्या खोलीत होती आणि गारठा अजून महिनाभर जाणार नव्हता. मानीबाईला काय करायचं ते कळत होतं. कसं सांगायचं ते कळत नव्हतं. बकरीचं उदाहरण दिलं की कुणबी हसतो. बकरी म्हणजे गरिबाचं जनावर, पऱ्हाटीचे शेंडे खाणारं, कोंडवाड्यात जाणारं. कुणबी कोणाचं ऐकतो, याचा विचार करत ती बसली, आणि तिला उत्तर सापडलं ते फार सोपं होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिनं बाहेरच धार काढली, दूध कोकिळेच्या हाती दिलं आणि ती निघाली नाही. दारासमोरच्या गोठ्यात रामराव बैलांना वैरण टाकत होता. मानीबाई गोठ्याच्या मेढीला टेकली. धुरपताबाई उंबऱ्याच्या आत बसून सुपात ज्वारी पाखडत होती. सुपाचा आवाज येत होता.

"रामराव, हे दोघं बैल एका जोडीचे हायेत ना?"

"हाव. गोऱ्हे होते तवापासून संगं हायेत. एक नसला त दुसरा वैरण खात नाही."

"अस्सं? मंग दोघायले एकाच खुट्याले काहून नाही बांधत?"

रामराव हसला. "काय वो मानीबाई, उमर गेली तुही जनावरात. एका खुट्याले बांधले त शिंगं लागतीन. एक बसला अन् दुसरा त्याच्या अंगावर पडला त चेंगरून मरन ना."

"पण मंग जोडी नाही तुटत?"

"तुटन कायले? खुटे दोन असले तरी दावण एकच हाय ना. हे पाह्य." त्यानं जमिनीलगत ताणलेल्या जाड दोराला पाय लावला. दोन्ही खुटे त्याच दोरात होते. "एका दावणीचे म्हणतात ते उगीच का?"

"अन् गव्हाण?"

"गव्हाण ज्याची त्याले. नाही त तगडा बैल सारंच खाते."

सुपाचा आवाज थांबला होता. मानीबाईनं काबरीची दोरी सोडली आणि दोन पावलं टाकली.

"मानी!" आतून आवाज आला. "मी काही बहिरी नाही."

"नाही बाई."

"मले समजते तू कोणाले ऐकवून राह्यली ते."

"मी त रामरावले इचारलं. बैलाचं मले काय समजते? मी बकऱ्यावाली."

मग धुरपताबाईनं विचारलं, आणि या वेळी आवाज जरा खाली होता, "दावण कशाची लावतं?"

"ते तुमी सांगा. घरातलं माणूस तुमी हा."

सांगायचं धुरपताबाईवर आलं, तेव्हा तिनं सारंच स्वतःच्या हातात घेतलं. रामरावाला बुरुडाकडं पिटाळून दोन नव्या, बसक्या, रुंद बुडाच्या टोपल्या आणल्या. आपल्या जुन्या लुगड्याचा काठ टरकावून त्याची लांब पट्टी केली. ती पट्टी ती पोरींच्या मनगटांना बांधायला निघाली, तेव्हा मानीबाई उंबऱ्याबाहेरून बोलली, "बाई, लेकराले दोर नको. टोपल्याचे कान हेच खुटे समजा." धुरपताबाईनं तिच्याकडं रागानं पाहिलं आणि पट्टी टोपल्यांच्या कानांना बांधली. माजघरात भिंतीलगत दोन टोपल्या, मध्ये हातभर जागा, आणि जमिनीलगत एक दावण.

"ये आत," ती म्हणाली. "तिथून बोंबलू नको."

आत आल्यावर मानीबाईनं तिला जे माहीत होतं ते सांगितलं. टोपलीच्या बुडाला जुन्या लुगड्याची घट्ट घडी, चारी बाजूंनी खाली खोचलेली. कापूस नाही, गादी नाही, उशी नाही. पोरगी उताणी. पांघरूण बगलेच्या खाली, आणि त्याच्या कडा घट्ट दाबलेल्या. गार वाटलं तर आंगात झबलं आणखी एक घाला, पण तोंडावर काही नको. कोकिळेच्या बाजेखाली शेकायला निखाऱ्यांची आगटी ठेवली होती तीही तिनं बाहेर काढायला लावली. धुरानं पोरींचे डोळे लाल झाले होते.

"उताणी काहून?" कौसल्येनं विचारलं. ती तमाशा पाहायला आली होती.

"तिले आढं दिसलं पाह्यजे," मानीबाई म्हणाली. "आढं दिसते म्हणजे नाक मोकळं हाय."

एक साथ उचलण्याचा कायदा धुरपताबाईनं सोडला नाही. तो तिनं सोडावा असं मानीबाईनंही म्हटलं नाही. तिनं फक्त धुरपताबाईला दोन्ही टोपल्यांच्या मध्ये पाटावर बसवलं. दोघी पेलत नव्हत्या म्हणून आजवर जिनं नातींना हात लावला नव्हता, तिला बसल्या जागी एक सहज पेलत होती. दुसरी दुसऱ्या बाईनं घ्यायची. धुरपताबाई मोठ्यानं "उचल!" म्हणे आणि दोघी एका दमात उचलत, जणू बंडीचं जू उचलून राह्यल्या.

मात्र त्यासाठी दुसरी बाई हवी होती, आणि ती रोज हवी होती. कोकिळेलाच दुसरी करायची तर ती झोपणार कधी? इथं मानीबाईनं बारीचं सांगितलं. सकाळी कौसल्या. दुपारी मानीबाई स्वतः. सांजच्याला पाटलाच्या घरची विमलताई, जिच्या घरी सुना होत्या आणि करायला काम नव्हतं. पाजता पाजता कोकिळेचा डोळा लागला की पोरगी तिच्या कुशीतून काढून टोपलीत ठेवायची. बाज अरुंद, झोळ पडलेली. कुशीतलं लेकरू अंगाखाली जायला वेळ लागत नाही.

"अन् कोणी बारी चुकवली त?" विमलताईनं विचारलं.

"आमच्या तांड्यात त्याच्याशी कोणी बोलत नाही."

"एवढंच?"

"दोन दिवस बोलू नका तिच्याशी, मंग सांगजा एवढंच का काय ते," धुरपताबाई म्हणाली. न बोलता तिला स्वतःला दोन घटकाही काढता आल्या नसत्या.

पहिल्या दिवशी कोकिळा न्याहारी करून बाजेवर पडली ती बकऱ्या रानातून परत यायच्या वेळेला उठली. मधे दोनदा तिला अर्धवट जागी करून पोरी पाजल्या, ते तिला आठवतही नव्हतं. दुपारी धुरपताबाई घाबरून तिच्या नाकापुढं बोटं धरून आली. परत पाटावर बसत म्हणाली, "जित्ती हाय."

सारं सरळ चाललं असं नाही. आठव्या दिवशी मानीबाई दुपारच्या बारीला आली तर बारकीच्या डोक्याखाली हातभर कापसाची उशी. कौसल्येनं मायेनं शिवून आणली होती. डोकं चपटं होईल म्हणून.

"कौसल्याबाई, होऊ द्या चपटं. चपट्या डोक्याची पोरगी खपते, मेलेली खपत नाही."

कौसल्या रुसली आणि दुसऱ्या दिवशी बारीला आली नाही. धुरपताबाईनं तिच्याशी बोलणं बंद केलं. सकाळी बंद केलं आणि दुपारी स्वतःच कुंपणापाशी जाऊन सांगून आली, "मी तुह्याशी बोलत नाही." तिसऱ्या दिवशी कौसल्या आली. उशी तिनं आपल्या नातवाला दिली, तो पाच वर्षांचा होता.

मग पुसाच्या शेवटी तीन दिवस हाडं फोडणारा गारठा पडला. नाल्याच्या काठचं गवत पांढरं झालं. धुरपताबाईचा धीर सुटला. "दोघीले एकात घालू, तीन दिवस फकस्त. उबारा येईन." मानीबाई नाही म्हणाली. धुरपताबाई म्हणाली, घर माझं आहे. मानीबाई म्हणाली, घर तुमचंच आहे, मी उंबऱ्याबाहेर जाऊन बसते. मग कोकिळा, जी आजवर सासूपुढं "हो आत्याबाई" यापलीकडं बोलली नव्हती, ती बाजेवरून म्हणाली, "आत्याबाई, वेगवेगळ्याच राहू द्या. मले आता दोघींचा दम वेगवेगळा ऐकू येते. एकीत घातल्या त कोणाचा हाय ते समजणार नाही." धुरपताबाईनं सुनेकडं पाहिलं, फार वेळ पाहिलं. मग टोपल्या भिंतीपासून काढून घराच्या मधोमध आणल्या, दाराला गोणपाट लावलं आणि पोरींना दोन-दोन झबली चढवली. गारठा गेला.

पुढच्या दहा वर्षांत मानीबाईला आसपासच्या गावांतून अशी बोलावणी येत राहिली. बाई जुळ्याची बाळंत झाली की कोणीतरी नाला ओलांडून येई. तिनं सात जोड्या पाहिल्या. पाच जोड्या पूर्ण जगल्या. एका जोडीतलं एक लेकरू तापानं गेलं, तिथं तिच्या टोपलीचा काही इलाज नव्हता. आणि एका घरानं तिचं ऐकलं नाही. त्या घराचं नाव ती कधी घेत नसे. कुठंही गेली तरी पहिल्या दिवशी ती टोपलीचं बोलत नसे. त्या घरात कोणतं जनावर आहे ते आधी पाहून घेई.

पण बारकीचं सांगतो. होळी झाली, ऊन तापायला लागलं. पाडव्याच्या दोन-चार दिवस आधी दुपारच्या बारीला मानीबाई आली आणि तिनं अंगणात, सावलीला, जमिनीवर सपाट घोंगडं अंथरलं; धुरपताबाईचा पाटही तिथंच मांडला. धुरपताबाईनं "उचल!" म्हटलं. कौसल्येच्या आणि मानीबाईच्या हातावर दोघी पोरी बाहेर आल्या. मोठी आठवड्यापासूनच कुशीवर वळत होती. मानीबाईनं बारकीला घेतलं आणि घोंगड्यावर पालथी टाकली.

"काय करतं व!" कौसल्या ओरडली. "नाक दबन!"

"हात लावू नका कोणी."

बारकीनं तोंड घोंगड्यात खुपसलं. मग चिडली. मान वर काढली, ती हलत होती, एकदा खाली आपटली, पुन्हा वर आली. एक हात पोटाखाली अडकला होता. कोकिळा दारात उभी होती, पुढं यायला निघाली आणि थांबली. बारकी लाल झाली, कण्हली, पाय झाडले, आणि धपकन उताणी पडली. डोळे मिचकावत वर लिंबाच्या फांद्यांकडं पाहू लागली.

"झालं," मानीबाई म्हणाली. "आता हिचं नाक हिलेच राखता येते. बारी बंद."

कौसल्येनं पदरानं नाक पुसलं. मानीबाईनं काबरीची दोरी हातात घेतली.

"बंद म्हणजे?" धुरपताबाईनं विचारलं. "उद्या कोणीच येत नाही का?"

"दुधाले मी येईन ना. बाकी कोणाची गरज नाही."

धुरपताबाई पाटावरून उठली नाही. तिनं बारकीकडं पाहिलं, मग मानीबाईकडं.

"ते मले नीट दिसलं नाही," ती म्हणाली. "कौसल्या आडवी आली. पुन्हा टाक तिले पालथी."

मानीबाईनं दोरी खाली ठेवली आणि बारकीला पुन्हा पालथी टाकली. बारकी पुन्हा चिडली.